टेकडीआडच्या घराला इंटरनेट

घरी इंटरनेट कुठलं घ्यावं, हा प्रश्न मला लोक लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा विचारतात. ताटात मठ्ठा सांडू नये म्हणून मी कसरत करत असते, आणि समोरून येतं, "ताई, वांगणीच्या पुढे छोटंसं घर बांधलंय. तिकडे वायर आलेली नाही. डिश लावू, की ते पांढऱ्या थाळीसारखं असतं ते?"

मी घास गिळते आणि विचारते, "तुमच्या गच्चीवरून काय दिसतं?"

माणूस खुलतो. "अहो, काय सांगू! समोर अख्खा डोंगर, पावसात धबधबे..."

झालं. म्हणजे आमच्या धंद्याच्या दृष्टीने सगळीच बोंब.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका केबलवाल्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायला मी पहिल्यांदा बसले. वर आमचं ऑफिस, खाली जीन्स शिवायचा कारखाना, आणि शिलाई मशिनांच्या खडखडाटात फोनवरचा माणूस ओरडतोय की मालिका ऐन रंगात असताना चित्र गेलं. पुढे केबलबरोबर इंटरनेट आलं, मग मी बदलापूरच्या एका लहान कंपनीत गेले. आमचं काम बिनतारी इंटरनेटचं. तक्रारी ऐकून ऐकून मला घरबसल्या कळायला लागलं होतं की बिघाड यंत्रात नाही, जागेत आहे. तेव्हा मालक म्हणाले, मग तुम्हीच जाऊन जागा बघत चला. त्या दिवसापासून यंदा निवृत्त होईपर्यंत मी लोकांच्या गच्च्यांवर चढत आले. साडी नेसून शिडी चढणारी बाई बघायला सुरुवातीला गल्ली जमायची. नंतर सवय झाली, त्यांनाही आणि मलाही.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावून सांगायचा तर तो असा. इंटरनेट घरात तीन वाटांनी येतं. एक वायर. ती जिथे पोचते तिथे दुसरं काही घेऊ नका, हे मी आमच्याच गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मालक कपाळाला हात लावायचे. दुसरी वाट बिनतारी. एखाद्या उंच इमारतीवर आमचं यंत्र असतं, तुमच्या गच्चीवर एक छोटी थाळी लावायची, आणि दोघांनी एकमेकांकडे बघत राहायचं. मध्ये काही आलं की संपलं. अंबरनाथला एका गिऱ्हाइकाचं नेट उन्हाळाभर छान चाललं आणि पावसात मान टाकली. जाऊन बघते तर मधल्या सागाला पानं फुटलेली. उन्हाळ्यात जागा बघताना झाड आहे एवढं बघून चालत नाही, ते श्रावणात केवढं होईल हेही डोळ्यांसमोर आणावं लागतं. तिसरी वाट आकाशातून, उपग्रहाची. तिला डोंगर आडवा येत नाही. पण ज्या उपग्रहांवर आमच्याकडे हे काम चालतं ते छत्तीस हजार किलोमीटरवर आहेत. तुमचा शब्द तेवढा वर जाणार, तेवढाच खाली येणार. उत्तराचंही तसंच. मधे एक क्षण जातो. त्यांच्यापेक्षा खूप खालून फिरणारे नवे उपग्रह घरोघरी येणार असं आम्ही बरेच दिवस ऐकतोय. येतील. पण ज्या घराची गोष्ट मी सांगणार आहे, त्या घराला थांबायला वेळ नव्हता.

आषाढात एका सकाळी आमच्या बदलापूरच्या ऑफिसात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल. नमस्कार केला आणि काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलेलं होतं, "मला ऐकू येत नाही. बायकोलाही येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. आमच्या घरी व्हिडिओ कॉल नीट चालेल असं इंटरनेट पाहिजे. तुम्ही देऊ शकाल का? खोटं सांगू नका. आधीच्या दोघांनी सांगितलं."

हे श्रीधर वैद्य. अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढण्याच्या कामातून निवृत्त झालेले. वांगणीपासून आत, ओढ्यापलीकडे, एका टेकडीच्या कुशीत त्यांनी घर बांधलं होतं. शांतता हवी म्हणून का, असं मी मूर्खासारखं लिहून विचारलं. ते मनापासून हसले आणि लिहिलं, "शांतता आमच्याकडे होतीच. आम्हाला हिरवळ पाहिजे होती."

मी सलीमला घेऊन त्याच दिवशी गेले. सलीम आमचा मुख्य तंत्रज्ञ, माझ्याबरोबर कितीतरी वर्षं काम केलेला. खांबावर असा चढतो की खाली उभ्या माणसाने डोळे मिटून घ्यावेत. घर सुरेख होतं. दारात सोनचाफा, मागे भाज्यांचे वाफे. आणि सगळ्या बाजूंनी टेकडीचा कठडा. मोबाइलला सिग्नलची एक काडी यायची, तीसुद्धा खिडकीत उभं राहिल्यावर. मेसेज जायचा, अडखळत. चित्र तर नाहीच.

वसुधाताई, म्हणजे श्रीधररावांच्या पत्नी, खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. पायाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर नुकतंच निघालेलं. ओठांची हालचाल बघून त्यांना बरंच कळायचं, आणि काही शब्द त्या आपल्या आवाजात बोलायच्याही. खरं कारण त्यांच्याकडून कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी ऋता बंगळूरला होती. तिला ऐकू येतं, पण तिची पहिली भाषा आईबापांचीच, हातांची. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. सासूबाई तिथे होत्या. वसुधाताईंना लांबचा प्रवास बंद.

"मेसेज येतो," वसुधाताई म्हणाल्या, एकेक शब्द सावकाश. "मी बरी. रोज, मी बरी. तोंड नाही दिसत. तोंड दिसलं की कळतं."

मग तुम्ही आत्तापर्यंत बोलत कसे होता, असं मी विचारलं. श्रीधररावांनी लिहून दाखवलं. रिक्षाने वांगणी स्टेशनला जायचं, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसायचं, तिथे नेट चांगलं येतं. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि दोघांनी हातांनी बोलायचं. लोक जमायचे. कोणी नक्कल करायचं, कोणी हळूच शूटिंग करायचं. एकदा ऋता रडायला लागली, वसुधाताईही रडल्या, आणि भोवती उभी असलेली माणसं बघत राहिली. त्या दिवसानंतर वसुधाताई टपरीवर गेल्या नाहीत. आणि मग पाय मोडला.

"काही भांडण झालं होतं का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "नाही. आईचं बोलणं. आई आणि मुलगी. लोकांसमोर कसं?"

परत येताना ओढ्यात उतरलो तेव्हा सलीम म्हणाला, "ताई, ये घर करनाच पडेगा."

माझ्या अंगात तेव्हा जे शिरलं ते अजून आठवलं तरी बरं वाटतं. आमच्या कामात बहुतेक दिवस राउटर बंद करून चालू करा हे सांगण्यात जातात. इथे एक कोडं होतं, आणि ते सुटलं तर एका आईला तिच्या मुलीचं तोंड दिसणार होतं.

वायरचा विचार पहिल्यांदा केला. ओढ्यावरून एका घरासाठी वायर ओढायला कोणी तयार नव्हतं, आणि दर पावसात खांब आडवे होतात हे गावात कोणीही सांगितलं असतं. मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर आणि बाहेर मोठा अँटेना लावून बघितला. सकाळी चित्र आलं, दुपारी गाडी रखडली. राहिलं आकाश.

कॅम्प तीनमध्ये हरेशभाई म्हणून एक व्यापारी आहेत. पेट्रोल पंप, बँकेची पैसे काढायची यंत्रं, दूरचे कारखाने, अशा ठिकाणी उपग्रहाच्या डिश बसवून देतात. सिंधी माणूस, बोलण्यात गोडवा, आणि मला केबलच्या दिवसांपासून ओळखणारा. त्यांना घर कसं खड्ड्यात आहे ते सांगितलं तर म्हणाले, "साईं, टेन्शन नहीं लेने का. आसमान सबका है." रीतसर परवानग्या काढून त्यांनी एक संच चाचणीसाठी लावून द्यायचं कबूल केलं आणि स्वतः आले. पांढरीशुभ्र डिश, ओढ्यातून दोन माणसांनी डोक्यावरून नेली. अंगणात उभी केली, आकाशाकडे तोंड. मी, सलीम, हरेशभाई, सगळे लॅपटॉपभोवती. आणि चित्र आलं! पडद्यावर ऋता, उशांना टेकून बसलेली, केस मोकळे. वसुधाताईंच्या तोंडून एक आवाज निघाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पहिली काही मिनिटं आनंदात गेली. मग माझ्या लक्षात येऊ लागलं. ऐकणारी माणसं फोनवर आवाज मागेपुढे झाला तर "हां, तू बोल" म्हणून थांबतात. हातांनी बोलणाऱ्यांचं तसं होत नव्हतं. वसुधाताई काही विचारायच्या, उत्तर दिसायचं नाही म्हणून पुन्हा विचारायच्या, तेवढ्यात पहिल्याचं उत्तर यायचं. दोघींचे हात एकदम सुरू व्हायचे, एकदम थांबायचे, पुन्हा एकदम सुरू व्हायचे. सुरुवातीला त्यांना हसू आलं. त्यातून ऋताची बोटं जोरात हलली की चित्रात पुसट व्हायची. आपल्याला ते चित्र चाललं असतं. पण त्यांचे शब्दच बोटांत होते. आपल्या फोनमध्ये प्रत्येक तिसरा शब्द कोणी पुसून टाकला तर कसं होईल, तसं ते होतं. वसुधाताई डोळे बारीक करून बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचे हात मांडीवर येऊन पडले. त्यात माथेरानच्या बाजूने काळे ढग आले, सरीवर सर कोसळली आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन ते गेलं.

 हरेशभाईंनी डिश विकायला आणली होती, दोष पावसावर टाकून मोकळं होणं त्यांना सोपं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ये नहीं चलेगा. इसपे पंप चलेगा, बँक चलेगा. माँ-बेटी नहीं चलेगा." आणि त्यांनी आपली डिश काढून घेतली. जाताना वसुधाताईंना हात जोडून म्हणाले, "आप का काम होगा, बहनजी." कशाच्या जोरावर म्हणाले कोण जाणे. पण मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. मी आणि सलीम त्या टेकडीवर चढलो. घराच्या आड येणारी तीच टेकडी. वाट नव्हती, करवंदीच्या जाळ्यांतून, ओल्या गवतातून सरपटत गेलो. माझे गुडघे कुरकुरत होते. वर एक मोकळा खडक होता, त्याच्याजवळ आंब्याची काही झाडं. धाप लागलेली असतानाच मी दुर्बीण लावली. उत्तरेला वांगणी स्टेशनजवळच्या नव्या इमारती, आणि त्यातल्या एकीच्या गच्चीवर आमचाच खांब, आमचंच यंत्र, स्वच्छ. वळून उलट बाजूला बघितलं. खाली, जवळ, वैद्यांचं लाल कौलांचं घर, त्याची अर्धी सपाट गच्ची, गच्चीवर वाळत घातलेली चादर.

"सलीम! दोन्ही दिसतंय! दोन्ही!"

सलीम खडकावर उड्या मारत होता. पन्नाशीला आलेला माणूस! घराला वांगणी दिसत नाही तर नसो. टेकडीला दोन्ही दिसतं. टेकडीवर एक खांब, त्यावर पाठीला पाठ लावलेल्या दोन थाळ्या, एक वांगणीकडे, एक घराकडे. खाली सोलरची पाटी आणि बॅटरी. इतकं साधं, आणि आम्ही टेकडीला शत्रू समजून बसलो होतो.

पण टेकडी कोणाची? काशिनाथ भोईर यांची. जुनं शेतकरी घराणं, टेकडीच्या पायथ्याला भात, वर आंबे. आम्ही ओटीवर बसून सांगितलं, काशिनाथदादांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"टेकरीवर टावर नाय लावाचा. त्याची किरनं लागून माज्या आंब्यानला मोहोर नाय आला त?"

मी सांगितलं, हा टॉवर नाही. पाण्याच्या नळाएवढा जाड खांब आहे, आणि त्यावरचं यंत्र घरातल्या वायफायच्या डब्याच्याच जातीचं आहे.

"तुमी बोलाल तसं. याच्या आगोदर एक मानूस आला, आमाला बोलला फकस्त मोजनी करतो. त्यानं दगर पुरले. मंग कल्लं का प्लॉट पारायचे होते."

त्यांचं चुकत नव्हतं. बदलापूरपासून कर्जतपर्यंत या पट्ट्यात ज्याच्या नावावर टेकडी आहे त्याच्या दारात रोज कोणीतरी गोड बोलत येतो. मी काय पुरावा देणार होते?  एवढ्या जवळ येऊन काम हातातून जात होतं.

श्रीधरराव आमच्याबरोबर होते. त्यांना संभाषण कळत नव्हतं, चेहरे कळत होते. ते उठले आणि भिंतीवरच्या एका फोटोसमोर जाऊन उभे राहिले. शर्यतीच्या बैलांची जोडी, शिंगांना रंग, अंगावर गुलाल, मागे काशिनाथदादा तरुणपणातले. श्रीधररावांनी वळून दादांकडे बघितलं आणि हात वर केले. दोन मुठी शिंगांसारख्या, मान खाली, नाकपुड्या फुगलेल्या. मग दोन्ही हात जोडीने धावायला लागले. उजवा बैल जरा पुढे, डावा खेचून घेतोय, धूळ डोळ्यांत, गाडीवाला मागे झुकलेला, आणि रेघ पार! शेवटी त्यांनी दोन्ही हात वर करून बोटं थरथरवली. त्यांच्यात टाळ्या अशा वाजवतात.

काशिनाथदादा ओटीवरून उठून उभे राहिले होते. "आरं! उजवा जोर करतो तो माजा सरदार! त्याला कसं कल्लं?" आणि त्यांनी आपल्या हातांनी दाखवायला सुरुवात केली, बैल कसा वळला, कासरा कसा तुटला. श्रीधरराव मान डोलावत होते, मधेच दुरुस्ती करत होते. ते दोघे शेजारी होते, एका टेकडीच्या दोन बाजूंना, आणि आजवर एकमेकांशी बोलले नव्हते. मला आणि सलीमला आता तिथे काही काम नव्हतं.

चहा झाल्यावर दादांनी मला विचारलं, "त्या नेटवर बैलांच्या शरती दिसतील? आता समद्या तितंच दाखवतान. आमचे इतं चाक फिरत राहतं निस्तं."

"दिसतील दादा. तुमच्या घरीही एक थाळी लावून देते. जागा तुमची, कनेक्शन आमच्याकडून."

"मंग लावा. पन आंब्याची फांदी नाय तोराची."

एकही फांदी तोडली नाही. खांब खडकाच्या पुढच्या टोकाला घेतला.

लावायचा दिवस ठरला तो भाद्रपदातल्या लख्ख उन्हाचा. सोलर पाटी आणि बॅटरी दादांच्या माणसांनी वर नेली. वांगणीच्या बाजूची थाळी झटकन जुळली, टेकडीवर मोबाइल चालत होता, तिकडच्या माणसाशी बोलता आलं. आता घराकडची. दोन थाळ्या एकमेकींकडे अचूक बघायला हव्यात, बोटभर इकडेतिकडे झालं तरी जोर जातो. म्हणून एक माणूस खांबावर थाळी फिरवतो आणि दुसरा घरी लॅपटॉपवर जोराची पट्टी बघून सांगतो, डावीकडे, उजवीकडे, थांब. घरात मोबाइलची काडी खिडकीपुरती, गच्चीवर तीही नाही, म्हणून आमच्याकडे वॉकीटॉकीची जोडी असायची. त्यातला एक ओढा ओलांडताना सलीमच्या खिशातून पाण्यात पडला होता. हे आम्हाला कळलं तेव्हा सलीम आणि श्रीधरराव वर टेकडीवर होते आणि मी खाली घराच्या गच्चीवर.

मी ओरडून बघितलं. वाऱ्याने आवाज मागे फेकला. पदर हलवला, सलीमने उलट मलाच हात हलवून दाखवला. पट्टी लाल. परत वर जाऊन ठरवून यायचं म्हणजे दिवस मोडला असता, आणि पश्चिमेला ढग जमत होते.

तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. वसुधाताई कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. पाय मोडल्यापासून त्या गच्चीवर आल्या नव्हत्या. मी धावले, त्यांनी मला बाजूला केलं. लॅपटॉपकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मी पट्टी दाखवली, लाल वाईट, हिरवं चांगलं, थाळी कुणीकडे न्यायची ते हाताने दाखवलं. त्यांनी मान डोलावली, गच्चीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात उंच उचलले.

वर श्रीधररावांच्या डोळ्यांना दुर्बीण होती. त्या हातांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण वर श्रीधरराव वळले आणि सलीमच्या पायावर थाप मारली. थाळी हलली. पट्टी तशीच. मी दाखवलं, अजून. वसुधाताईंचे हात अजून म्हणाले. पट्टी पिवळी! मी किंचाळले. वसुधाताईंना किंचाळी ऐकू आली नाही, माझं तोंड दिसलं. त्यांनी हात आखडले, म्हणजे सावकाश. वरून श्रीधररावांनी काही विचारलं, वसुधाताईंनी रागावून उत्तर दिलं. नवराबायकोचं चाललंय हे मला भाषा न येताही कळलं. थाळी केसभर खाली झुकली. पट्टी पिवळी, पिवळी, आणि एकदम हिरवीगार!

वसुधाताईंनी दोन्ही तळवे समोर धरले. थांब!

वर दोन माणसं नाचत होती. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की आमच्या कामात एकमेकांना दिसणं महत्त्वाचं. त्या दिवशी माझ्या शेजारी अशी बाई उभी होती जिचं सगळं बोलणंच त्यावर चाललं होतं.

सलीम आणि श्रीधरराव धावत खाली आले, काशिनाथदादा मागोमाग. वायफाय लावलं. ऋताला कॉल लावला. पडद्यावर ती आली, स्वच्छ, नखांवरचा रंगसुद्धा दिसावा इतकी. वसुधाताईंनी एक खूण केली, आणि ऋताचं उत्तर त्याच क्षणी आलं. पुन्हा खूण, पुन्हा उत्तर. हात मधे अडखळले नाहीत. ऋताने चेहरा वाकडा केला, ओठ थरथरले, आणि वसुधाताईंनी आमच्याकडे बघितलं.

आम्ही सगळे खोलीत उभे होतो. मी, सलीम, काशिनाथदादा, दारात दादांची माणसं. तोंडं उघडी, नजरा पडद्यावर. मला एकदम ती टपरी आठवली आणि मी सलीमला कोपराने ढोसलं. वसुधाताई उठल्या. लंगडत आल्या, हसत हसत आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःच्या नवऱ्यालाही, आणि दार लावून घेतलं.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. माझ्या उभ्या नोकरीत मला इतकी चांगली पावती मिळाली नाही.

आम्ही अंगणात बसलो. श्रीधररावांनी आम्हाला काकड्या कापून दिल्या, मीठ-तिखट लावून. दार बराच वेळ उघडलं नाही. काशिनाथदादांनी हळूच विचारलं, "माजे घरी कवा लावता?" दुसऱ्याच दिवशी लावलं, आणि त्यानंतर रविवारी दुपारी त्या ओटीवर एवढी गर्दी व्हायला लागली म्हणतात की दादांना सतरंज्या आणाव्या लागल्या.

हुरहूर एवढीच वाटते की आमची बिनतारी वाट फार दिवसांची नाही. बदलापूर, अंबरनाथला दर वर्षी नव्या इमारती उठतात आणि आमची एकेक नजर अडवतात. मी हौसेने जुळवलेल्या कितीतरी थाळ्या आता कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून गंजत असतील. वायर पोचेल, खालून फिरणारे उपग्रह येतील, आणि गच्चीवरून काय दिसतं हे विचारणारं कोणी उरणार नाही. चांगलंच आहे ते. तरीही.

नवरात्रात एका दुपारी मी घरी भाजी निवडत होते. निवृत्तीचे पहिलेच दिवस, हाताला काम नसल्याने मेथीची पानं मी जरा जास्तच निगुतीने खुडत होते. मोबाइल वाजला. श्रीधररावांचा मेसेज.

"ताई, ऋताला मुलगी झाली. दोघी छान. आम्ही बाळाला पाहिलं, ती जन्मली त्याच तासात. आजवर आमच्या घरातली प्रत्येक बातमी आधी ऐकणाऱ्यांना कळली. आमच्या वडिलांच्या जाण्याची, बहिणीच्या लग्नाची, ऋताच्या नोकरीची. सगळ्यांना कळून झालं की मग कोणीतरी आम्हाला लिहून सांगायचं. ही पहिली बातमी जी आम्हाला आधी कळली. आता आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो आहोत. काशिनाथदादांना सांगून झालं. तुम्ही दुसऱ्या."

मी मेथी तशीच टाकून उठले, आणि स्वयंपाकघरात एकटीच, दोन्ही हात वर करून बोटं थरथरवली.